दोन ई-२०

२०२५च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी स्वीडनमधल्या माल्मोला राहते आणि कामाला रोज कोपनहेगनला जाते. एरवी ट्रेननं जाते, पण त्या दिवशी एका सहकाऱ्याच्या गाडीतून निघाले होते. पुलाच्या अलीकडे एक पाटी लागते, हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘ई २०’. हवा छान होती, समुद्र दिसत होता, म्हणून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

मिरजेहून अण्णांचं उत्तर आलं, “अगं, तिकडंपण हेच पेट्रोल मिळतंय काय?”

मी हसले आणि लिहिलं, “पेट्रोल नाही अण्णा, रस्त्याचा नंबर आहे तो.”

त्यावर त्यांचं उत्तर, “मग बरंय. रस्ता तरी टाकीत घालावा लागत नाही.”

अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्याकडे २००० सालची मोटरसायकल आहे आणि तितकीच जुनी एक सवय आहे. दर वेळी पेट्रोल भरलं की वहीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. त्या महिन्यात त्यांची दोन दुखणी चालू होती. पंचावन्न देणारी गाडी पन्नासवर आली होती. आणि कार्बोरेटरचं किट बदलताना मेकॅनिकनं फुगलेला रबरी भाग दाखवून सांगितलं होतं, “ह्ये त्या नव्या पेट्रोलनं हो.” भारतभर तेव्हा हीच चर्चा चालू होती. मी मात्र त्या फोटोवर अडकले. एकच अक्षर, एकच आकडा, आणि दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. की आहे? या दोन नावांच्या मागे मी काही महिने वेळ मिळेल तसं वाचत राहिले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

आधी रस्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडलेल्या युरोपाला पुन्हा जोडायचं काम जिनिव्हात बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाकडे आलं. सप्टेंबर १९५०मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय रस्त्यांचं पहिलं जाळं जाहीर केलं. नवे रस्ते बांधले असं नव्हे. प्रत्येक देशाकडे होते तेच रस्ते एका धाग्यात ओवले आणि धाग्याला नाव दिलं. ‘ई’ म्हणजे युरोप. पुढे या क्रमांकांत गोंधळ वाढला, म्हणून १५ नोव्हेंबर १९७५ला जिनिव्हात नवा करार झाला. तो १९८३मध्ये अमलात आला.

या नव्या पद्धतीत आकड्याला अर्थ आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम क्रमांक, पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम. शून्यावर संपणारे मुख्य आडवे रस्ते, उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत यायचे. ई १० नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरून निघतो, ई ९० पार भूमध्य समुद्राच्या बाजूला. म्हणजे ‘२०’ हा पत्ता आहे. वरून दुसरी ओळ, एवढाच त्याचा अर्थ. (आपल्याकडे २०१०मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा बरोब्बर उलटा नियम घेतला: पूर्व-पश्चिम विषम, उत्तर-दक्षिण सम.)

ई २० आयर्लंडमध्ये शॅननला सुरू होतो. लिमरिकवरून डब्लिन, मग लिव्हरपूल, मँचेस्टर, हल. तिथून डेन्मार्कमधलं एस्बियर्ग, ओडेन्स, कोपनहेगन. पुढे माल्मो, गॉथेनबर्ग, स्टॉकहोम. तिथून एस्टोनियातलं टॅलिन, नार्वा आणि शेवटी रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. नकाशावर ही सलग रेघ दिसते. प्रत्यक्षात तिला मोठमोठी भोकं आहेत. डब्लिन आणि लिव्हरपूलच्या मध्ये समुद्र आहे. हल आणि एस्बियर्गच्या मध्ये अख्खा उत्तर समुद्र आहे. इंग्लंड आणि एस्बियर्ग यांच्यात प्रवासी बोट होती, ती हलहून नव्हे तर हार्विचहून सुटायची, आणि तीही २०१४मध्ये बंद झाली. स्टॉकहोम आणि टॅलिनच्या मध्ये पुन्हा समुद्र.

शिवाय ब्रिटन हे क्रमांक रस्त्यावर लावतच नाही. मी मँचेस्टरहून हलकडे जाणाऱ्या एम ६२ महामार्गावरून दोनदा गेले आहे. तो ई २० आहे हे मला त्या फोटोनंतर, घरी बसून कळलं. स्वीडन आणि नॉर्वेची तऱ्हा वेगळी. त्यांनी १९९२मध्ये नवे क्रमांक घेतले, पण त्यांच्या सर्वांत लांब दोन रस्त्यांच्या, ई ४ आणि ई ६च्या, पाट्या बदलणं फार खर्चाचं होतं. म्हणून ते दोन क्रमांक नियमात न बसता तसेच राहिले. इस्तंबूलचे लोक तर शहरातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला अजूनही ‘ई-५’ म्हणतात. जुन्या पद्धतीत तो खरंच ई ५ होता. जर्मनीत कामाला गेलेले तुर्की कामगार सुट्टीत गाड्या भरभरून त्याच रस्त्यानं गावी यायचे. आज त्याचा युरोपीय क्रमांक ई ८० आहे, पण ते कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना आपण अजून ‘एनएच फोर’ म्हणतो, तसंच ते. कागदावर तो रस्ता आता ४८ आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच आशियाई महामार्गांच्या यादीत एएच ४७. हे शेवटचं नाव मी आजवर एकाही ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलेलं नाही.

काही भोकं मात्र खरोखर बुजली. डेन्मार्कमधल्या स्टोरबेल्टवरून १४ जून १९९८ला मोटारी जाऊ लागल्या. १ जुलै २००० रोजी ओरेसुंडचा पूल उघडला: जवळपास आठ किलोमीटर पूल, मग मुद्दाम बनवलेलं पेबरहोल्म हे बेट, आणि पुढे चार किलोमीटर समुद्राखालचा बोगदा. माझी नोकरी आणि घर दोन देशांत असू शकतात ते या पुलामुळे. म्हणजे कागदावरची रेघ आधी आली आणि रस्ता नंतर तिच्यापर्यंत पोचला.

उलटंही घडतं. नार्वा नदीच्या एका काठावर एस्टोनियाचा किल्ला आहे, समोरच्या काठावर इवानगोरोदचा रशियन किल्ला, मध्ये पूल. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ही हद्द आवळत गेली. १ फेब्रुवारी २०२४पासून रशियानं दुरुस्तीचं कारण देऊन तिथली वाहनांची ये-जा बंद केली. नंतर मेपासून एस्टोनिया रात्री नाकं बंद ठेवू लागला. लोक बॅगा ओढत पायी पूल ओलांडतात. ई २० मात्र यादीत सेंट पीटर्सबर्गपर्यंत आहे तसाच आहे.

आता इंधन. इथे ‘ई’ म्हणजे इथेनॉल आणि आकडा म्हणजे शेकडा किती. शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल, उरलेलं पेट्रोल. आकडा पत्त्याचा नाही, मापाचा आहे.

या दोन नावांचा संबंध मला सापडला तो एका तारखेत. जिनिव्हात रस्त्यांचा करार झाला १५ नोव्हेंबर १९७५ला. त्याच्या आदल्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, ब्राझीलमध्ये अध्यक्ष गाइझेल यांच्या सरकारनं ‘प्रोआल्कोल’चा हुकूम काढला. उसापासून अल्कोहोल करायचं आणि मोटारींत जाळायचं, याचा हा राष्ट्रीय कार्यक्रम. ब्राझीलमध्ये १९३१पासूनच आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल घालायची सक्ती होती, पण आता प्रश्न गळ्याशी आला होता. १९७३च्या तेलसंकटात भाव चौपट झाले होते, देशाचं बहुतेक तेल बाहेरून यायचं, आणि साखरेचे चढलेले भाव कोसळू लागले होते. त्याच पंधरा तारखेला फ्रान्समधल्या रांबुयेच्या वाड्यात सहा श्रीमंत देशांचे प्रमुख तेल आणि मंदीवर बोलायला पहिल्यांदा एकत्र जमले. म्हणजे त्या दोन दिवसांत एकीकडे मोटारी देशादेशांतून विनाखंड कशा धावतील हे ठरत होतं, आणि दुसरीकडे मोटारी मुळात कशावर धावणार, ही चिंता होती. यात कट वगैरे काही नाही, योगायोगच आहे. पण दोन्ही एकाच काळाची अपत्यं आहेत: मोटार आता थांबणार नाही, हे दोन्हींनी गृहीत धरलेलं होतं.

ब्राझीलची पुढची कथा आपल्याला उपयोगी आहे. १९७९मध्ये फियाट १४७ ही फक्त अल्कोहोलवर चालणारी मोटार बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहात नऊहून जास्त अल्कोहोलच्या होत्या. मग साखरेचा भाव वधारला, कारखाने साखरेकडे वळले, आणि १९८९-९०मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेना. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून तशी मोटार घेतली होती ते रांगेत उभे राहिले. लोकांचा विश्वास उडाला तो बराच काळ परत आला नाही. परत आला २००३मध्ये, जेव्हा फोक्सवॅगननं पेट्रोल, अल्कोहोल किंवा दोन्हींचं कसलंही मिश्रण चालणारी गोल ही मोटार आणली.

तिथल्या पंपावर दोन नळ्या असतात: मिश्र पेट्रोलची आणि निव्वळ इथेनॉलची. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून तिथल्या मोटारवाल्यांचा एक घरगुती हिशेब आहे: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल भरा, नाहीतर पेट्रोल. फलकावरचे दोन भाव बघून माणूस मनातल्या मनात भागाकार करतो. आज तिथलं मिश्र पेट्रोल ३० टक्क्यांवर गेलं आहे (१ ऑगस्ट २०२५पासून), पण तो भागाकार अजून ग्राहकाच्या हातात आहे.

आपलीही कथा जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९४८मध्ये, भारतानं पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. युद्धकाळातली पेट्रोलची टंचाई ताजी होती आणि साखर कारखान्यांची मळी पडून होती. तो कायदा २०००मध्ये रद्द झाला. आणि पुढच्याच वर्षी सरकारनं पाच टक्के मिश्रणाचे तीन पथदर्शी प्रकल्प सुरू केले. एक उत्तर प्रदेशात बरेलीला. दोन महाराष्ट्रात: मनमाड आणि मिरज.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. मिरज! मी तेव्हा शाळेत होते. घरात सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टी होत्या: मिरजेची सतार, मिरजेचे दवाखाने, मिरज जंक्शन. देशभर पुढे जे होणार होतं त्याची चाचणी आमच्या गावात झाली, हे मात्र मी कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पुढचा प्रवास अडखळतच झाला. जानेवारी २००३पासून नऊ राज्यांत पाच टक्क्यांची सक्ती आली. मग दुष्काळी वर्षांत ऊस घटला, मळी पुरेना, आणि सक्ती सैल झाली. २००९च्या धोरणात २०१७पर्यंत वीस टक्क्यांचं स्वप्न होतं; २०१३-१४मध्ये प्रत्यक्ष मिश्रण होतं दीड टक्का. २०१८च्या धोरणात वीस टक्क्यांसाठी २०३० साल धरलं होतं, ते नंतर २०२५वर आणलं. मग मात्र वेग आला. जून २०२२मध्ये दहा टक्के झाले, ६ फेब्रुवारी २०२३ला बंगळूरमध्ये ई-२० पंपावर आलं, आणि २०२५मध्ये वीस टक्के पूर्ण झाले.

यात भलं झालेलं आहे, ते मी नाकारणार नाही. माझ्या मामांचा शिरोळ तालुक्यात ऊस आहे. त्यांच्या शब्दांत, “पूर्वी बिलासाठी कारखान्याच्या खेपा मारून चपला झिजायच्या. इथेनॉलचा पैसा आल्यापासनं बिल वेळेवर तरी येतंय.” मळी ही एके काळी कारखान्याची डोकेदुखी होती, तिला मोल आलं. तेलाच्या आयातीचा काही भार हलका झाला. पण मामांना दुसरी बाजूही ठाऊक आहे. नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात म्हटलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आणि डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल या भीतीनं सरकारनं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली; त्यानंतर मका पुढे आला. टाकीतला वीसचा आकडा तोच, पण त्यामागचं शेत बदललं. पंपावर उभ्या माणसाला हे कळायची सोय नाही.

मायलेजचंही तसंच. वीस टक्के भागात एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्क्यांची घट, हे साधं अंकगणित आहे. त्यातली किती घट प्रत्यक्ष रस्त्यावर दिसेल ते इंजिनावर अवलंबून. त्याच सरकारी अहवालात अंदाज दिला आहे: मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवून घेतलेल्या चारचाकीला सहा ते सात टक्के, तशाच दुचाकीला तीन ते चार टक्के. अण्णांच्या पंचावन्नाचे या हिशेबानं त्रेपन्न व्हायला हवेत. पन्नास का झाले? पंचवीस वर्षांची गाडी, मिरज-सांगली रस्त्यावरची वाढलेली गर्दी, टायरमधली हवा, चालवणाऱ्याचं वय, काहीही असेल. रबर पेट्रोलनं फुगलं की म्हातारपणानं, तेही मी माल्मोत बसून सांगू शकत नाही. मेकॅनिकलाही खात्रीनं सांगता येणार नाही.

माझी तक्रार मिश्रणाबद्दल नाहीच मुळी. युरोपात १२ ऑक्टोबर २०१८पासून प्रत्येक पंपाच्या नळीवर आणि नव्या मोटारीच्या टाकीच्या झाकणावर एकसारखं चिन्ह असतं, वर्तुळात ई ५, ई १० किंवा ई ८५. दोन्ही चिन्हं जुळली की भरा. स्वीडनमध्ये २०२१मध्ये नेहमीचं पेट्रोल ई १० झालं, पण ९८ ऑक्टेनचं ई ५ जुन्या गाड्यांसाठी शेजारीच ठेवलं. महाग आहे, पण आहे. जर्मनीत २०११मध्ये ई १० आणलं तेव्हा लोकांनी सरळ पाठ फिरवली, महाग पेट्रोल भरलं पण ते भरलं नाही. त्यांची भीती वाजवीपेक्षा जास्त होती, पण पाठ फिरवायला दुसरी नळी होती. भारतात इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

दोन्ही ई-२० शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जो फरक दिसतो तो हा. दोन्ही आकडे दूरच्या टेबलावर ठरले आणि दोन्ही, जे तुकड्यातुकड्यांचं आहे त्याला एकसंध म्हणतात. पण रस्त्याचं भोक डोळ्यांना दिसतं. हलच्या धक्क्यावर पोचलेला माणूस नकाशा बघून पाण्यात गाडी घालत नाही. नार्व्याला फाटक बंद असलं की बॅग घेऊन उतरतो. टाकीतलं दिसत नाही. म्हणून रस्त्याच्या पाटीला थोडं खोटं बोलणं परवडतं, पंपाच्या पाटीला परवडत नाही.

डिसेंबरमध्ये मिरजेला गेले. हे सगळं अण्णांना सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नार्व्याच्या पुलाबद्दल दोन प्रश्न विचारले, १४ आणि १५ नोव्हेंबरच्या गमतीवर हसले. मग मी २००१चं सांगितलं.

“मिरजेत?” ते म्हणाले. “आपल्या?”

“हो.”

उठून कपाटाकडे गेले. वरच्या फळीवर वह्यांचा गठ्ठा होता, साल घालून, रेल्वेच्या शिस्तीनं बांधलेला. २००१ची वही काढली, चष्मा पुसला आणि एकेक पान बोटानं खाली वाचत गेले. लिटर, किलोमीटर, तारीख. छप्पन्न, पंचावन्न, सत्तावन्न, पंचावन्न. कुठे काही फरक दिसेना. पाच टक्क्यांनी दिसणारही नव्हता. आणि ते नेहमी ज्या पंपावर भरायचे तिथे ते पेट्रोल आलं होतं की नाही, हेही आता कोण सांगणार?

“काही झालं नाही म्हणा तेव्हा,” मी म्हटलं.

“झालं नाही ते खरं,” अण्णा म्हणाले. “पण मी एवढं सगळं लिहून ठेवत होतो गं. सांगितलं असतं तर हेही लिहिलं असतं.”

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या पानाच्या कोपऱ्यात, चोवीस वर्षांनंतर, एक ओळ लिहिली: ‘ई-५? माहीत नाही.’ खाली तारीख घातली आणि वही परत गठ्ठ्यात ठेवून दिली.